पाहुण्याच्या कामाला साबणाचा फेस

कुरकुंभ, ता. दौंड
३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामा,

तुमच्या अंकूचा वाकून नमस्कार, मामीलाही. पाकीट बघून दचकू नका, इकडं सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाईलवर पाठवलेलं तुमच्या अंगठ्यानं वाचायच्या आधीच पुसलं जातं. म्हणून म्हटलं, चला, कागदच बरा. पोस्टातल्या बाईंनी मला दोनदा विचारलं, "साधं पत्रच ना?"

बातमी अशी, की मी पाळणाघर काढतेय. हसू नका. कंपनीच्या लॅबमधली नोकरी सोडली तेव्हापासून मनात होतं. इथं पहिल्या पाळीला सातला हजर व्हावं लागतं, मग पॅकिंगच्या बायका पोरं ठेवणार कुठं? कोणी शेजारणीकडं टाकतं, कोणी सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर देतं. माझ्या आईला निदान तुम्ही होतात, ती कामावर जाताना मला तुमच्याकडं द्यायची. प्रत्येकीला कुठला असा भाऊ? हायवेलगतचे दोन गाळे भाड्यानं घेऊन मधली भिंत काढली, चांगला ऐसपैस हॉल झालाय. सव्वीस पोरांची नावं आली आहेत आणि पाडव्याला उघडणार असं मी सगळ्यांना सांगून बसलेय.

अडलंय ते एसीशी. खिडक्या उघडल्या की धूळ आणि ट्रकचे भोंगे, बंद केल्या की नुसती भट्टी. एक-दोन घरगुती एसी टांगून भागायचं नाही. दोघं जण काम करायला तयार आहेत. एक पप्पू, माझ्या सासऱ्यांचा भाचा, दौंडला असतो. घराघरात एसी बसवतो, गोड पोरगा आहे. दुसरी राजनंदिनी, दौंडचीच. आयटीआयला हेच शिकलीय, दोन माणसं हाताखाली घेऊन दवाखान्यांची, हॉलची कामं करते. आण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "घरचं पोरगं हाय, आन् तू परक्या बाईला शिडीवर चढवतीस व्हय?" संपत कोणाच्याच बाजूनं बोलत नाही, जेवण झालं की ताट उचलून पळतो. नवरा म्हणून फार उपयोगाचा आहे तो.

तुम्ही तीस वर्षं कंपनीत थंडीची मशिनं सांभाळलीत, कानही त्यांनाच देऊन बसलात. सांगा, कोणाला देऊ?

तुमची,
अंकू


शिरूर
९ फेब्रुवारी

चि. अंकू,

तुला, जावईबापूंना आन् थोरामोठ्यांना जसं ज्याला शोभंल तसं नमस्कार-आशीर्वाद. तुझं पत्र मामीनं आधी वाचलं, मग मला दिलं, जसं काय माझं डोळंबी गेल्यात. पाळणाघराचं ऐकून लई बरं वाटलं. तुझी आई, माझी ताई, असती तर आज गावभर सांगत सुटली असती.

आता कामाचं बोलतो. नाव मी सांगत न्हाई, पारख सांगतो.

खोली न बघता फोनवर जो टन सांगंल, त्याला च्या पाज आन् वाटंला लाव. दोघांनाबी दुपारच्या तीनला बोलव, सकाळी न्हाई. तुझं शटर मावळतीकडं असंल तर खरं ऊन तवाच कळतं. त्यानं तुला इचारलं पायजे, पोरं किती, निजत्यात कुठं, बाहेरची ताजी हवा आत येणार कुठनं. एसी हाय तीच हवा गार करतो, नवी आणत न्हाई. सव्वीस पोरं बंद खोलीत श्वास घेणार हायत, ह्ये डोक्यात ठेव. दाखला बघ, पण नुसत्या दाखल्यावर जाऊ नगं. आधी जिथं काम केलंय तिथं जाऊन इचार, की दुसऱ्या उन्हाळ्यात बोलावलं तवा माणूस आला का फोन बंद करून बसला.

आन् शेवटचं. पाइपाचा प्रत्येक जोड तुझ्या डोळ्यादेखत साबणाचा फेस लावून तपासू देतो का, ह्ये काम ठरवायच्या आधी इचार. जो रागावंल त्याला काम देऊ नगं. मग त्यो कुणाचाबी कोण असंना.

पप्पू गुणाचा असंल. त्याला माझा आशीर्वाद सांग. पण गोड हाय म्हणून काम द्यायचं, ह्ये मला पटत न्हाई.

तुझा मामा,
कोंडिबा

ता. क. मामीनं शेंगदाण्याची चटणी करून ठिवलीय, कोण येणारं असंल तर कळव.


कुरकुंभ
२० फेब्रुवारी

तीर्थरूप मामा,

नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं, आणि आता डोक्याला हात लावून बसलेय.

पप्पूला फोन केला तर तो पलीकडून म्हणाला, "वहिनी, टेन्शन न्हाई, दोन-दोन टनाचे चार लावू, खोली बर्फ करून टाकू." खोली बघायला ये म्हटलं तर म्हणे, "आपल्याच घरचं काम, बघायचं काय त्यात?"

राजनंदिनी ठीक तीनला आली. खांद्याला हत्यारांची पिशवी, पायात जाड बूट. शटरच्या पत्र्याला हात लावून बघितला आणि चटका बसला तशी हसली. तुम्ही लिहिलेले सगळे प्रश्न तिनं एकेक करून विचारले, मी तुमचं पत्र पदराआड धरून मोजत होते. मग म्हणाली, "ताई, पोरं नक्की कुठं निजणार?" मी म्हटलं, गाद्या घालून, खालीच. तर ती बाई बूट काढून चक्क फरशीवर आडवी झाली. पाच मिनिटं तशीच, छताकडं बघत. उठून म्हणाली, "वारा सरळ पोरांच्या तोंडावर नाही आला पाहिजे. मशीन दुसऱ्या भिंतीला घेऊ, ताज्या हवेला वेगळा पंखा." खोली केवढी आणि तिच्यात किती गॅसचं मशीन चालेल, याचंही तिनं कागदावर गणित मांडलं. फेसाचं विचारलं तर म्हणाली, "फेसाचं भांडं तुम्हीच धरा." पण पाडव्यापर्यंत होणार नाही. योग्य मशीन मागवून काम नीट करायचं तर एप्रिल उजाडेल, म्हणे.

मी घरी आनंदानं सांगायला गेले, तर आण्णांनी काय करून ठेवलं होतं? मंगळवारी बिरोबाला कौल लावला. देवाच्या उजव्या अंगाला पप्पूच्या नावाचं फूल, डाव्याला राजनंदिनीच्या. तासभर सगळे हात जोडून बसलेले. आधी पडलं ते उजवं. आण्णा म्हणाले, "देवानं सांगितलं, आता तुझं माझं काय चालतंय?" या घरात जमीन घेतली ती कौलानं, विहीर काढली ती कौलानं, मला सून करून आणलं तेही कौलानंच. 

पप्पू सोमवारपासून काम सुरू करतोय. आणि खरं सांगू का मामा, रागावू नका, पण एका जोडाचं तुम्ही एवढं का धरून बसलाय? घरच्या पोराच्या कामाला समोर उभं राहून फेस लावायचा, म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा. लांब शिरूरला बसून लिहायला सोपं आहे. नांदायचं मला आहे.

तुमची,
अंकिता


कुरकुंभ
५ मार्च

तीर्थरूप मामा,

दोन आठवडे झाले, तुमचं उत्तर नाही. मागचं पत्र पेटीत टाकलं आणि तेव्हाच हात आत घालून परत काढावंसं वाटलं होतं. रागावलात ना?

पप्पूनं दोन मशिनं भिंतीला लावलीत, पाईप जोडून गॅसही सोडलाय. राजनंदिनीला मी अजून नाही म्हणून कळवलेलं नाही, जीभ रेटत नाही. काल हॉलमध्ये गेले, मशीन चालू केलं, गार झालं. पण फरशीवर आडवं व्हायचा मला धीर झाला नाही. 

चार शिव्या द्या, पण लिहा.

तुमची अंकू


शिरूर
८ मार्च

चि. अंकू,

रागावलो न्हाई गं. चार येळा लिवाया बसलो आन् चारी कागद फाडलं. मामी म्हणली, फाडा किती फाडायचं ते, पण लिवा. म्हणून आज लिवतोय. एकटी बसून वाच.

तू दहा म्हैन्यांची व्हतीस. ताई आमच्याच कंपनीत पॅकिंगला, ठेकेदाराच्या हाताखाली. कामावर आली की तुला माझ्या केबिनमधी निजवायची. मशीन रूमला लागून, दोन पायऱ्या खाली, गार केबिन. मी खुर्चीवर, तू खाली माझ्या पायापाशी वाकळंवर. येवढ्या मशिनीच्या आवाजात तू ढाराढूर झोपायचीस.

त्या वर्षी एक पाईप बदलला. बदलणारा माझा चुलत मेव्हणा. पंखं आन् मोटारी दुरुस्त करायचा, थंडीच्या पाइपाला त्यानं कवा हात लावला नव्हता. नात्यातला पाहुणा म्हणून म्याच सायबाला सांगून त्याला कामावर घेतला. जोड झाला की त्याला साबणाचा फेस लावायचा असतो, बुडबुडा आला म्हंजी गळती. फेसाचं भांडं माझ्या हातात व्हतं, अंकू. त्यो समोर उभा. त्याच्या तोंडावर त्याचं काम कसं तपासायचं, ह्याची मला लाज वाटली. म्या भांडं खाली ठिवलं. म्हणलं, हुईल नीट.

तिसऱ्या दिवशी पेन पडला म्हणून वाकलो आन् डोकं गरगरलं. त्यो गॅस हवेपेक्षा जड असतो. वास न्हाई, रंग न्हाई. गळला की खाली साचतो आन् श्वासाची हवा वर ढकलतो. खुर्चीत बसून मला काय कळलं न्हाई. तू खाली व्हतीस. तुझं ओठ जांभळं झालं व्हतं. हाक मारली, हलीवली, तू डोळं उघडंनास.

तुला उराशी धरून गेटापासून दवाखान्यापतुर पळालो. एका पायात चप्पल नव्हती, ते घरी आल्यावर कळलं. डॉक्टरनं नाकाला नळी लावली. लई येळानं तू रडलीस. मशिनीनं माझं कान नेलं, पण तुझं ते रडणं मला अजून ऐकू येतं.

ताईला म्या खोटं सांगितलं. म्हणलं, दूध उलटलं म्हणून दाखवून आणली. त्यो जोड दुसऱ्याकडनं नीट करून घेतला, आन् सोमवारी तिनं तुला पुन्हा माझ्या हातात दिली आन् कामाला गेली. तिला ठावं असतं तर दिली असती का? ह्येच मला अठ्ठावीस वर्सं टोचतंय. ती गेली, तरी माझ्या तोंडातनं शब्द निघाला न्हाई.

देवाच्या कौलाला मी नाव ठिवत न्हाई. आण्णांशीबी भांडू नगं. फक्त ह्ये पत्र पप्पूला वाचाया दे. पुढं त्याचा त्यानं इचार करावा.

तुझा मामा,
कोंडिबा


कुरकुंभ
१५ मार्च

माझ्या मामा,

आधी आईचं लिहिते, बाकीचं नंतर.

आईला माहीत होतं.

माझी मुलगी अपेक्षा झाली तेव्हा मी बाळंतपणाला आईकडं होते, तेव्हा तिनं मला सांगितलं होतं. गेटावरच्या म्हाळू वॉचमननं तिला दुसऱ्याच दिवशी गाठलं होतं, की तुझा भाऊ पोरीला घेऊन एका चपलेनिशी पळत गेला, केबिनमध्ये गॅस सुटला होता. आई मला म्हणाली, "तो दूध उलटलं म्हणाला, मी बरं म्हटलं. त्याचं तोंड बघवत नव्हतं. सोमवारी तुला मुद्दाम पुन्हा त्याच्याच हातात दिलं. नसतं दिलं, तर माझा भाऊ पुन्हा कधी वर बघून बोलला नसता." आणि मला दम दिला होता, की मामानं स्वतः काढल्याशिवाय तू हे काढायचं नाहीस. म्हणून मी गप्प. जोडाचं, मेव्हण्याचं आणि त्या फेसाच्या भांड्याचं मात्र मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ते मागचं पत्र माझ्या हातून लिहून झालं असतं का? लांब बसून सोपं आहे म्हणाले मी तुम्हाला. माफ करा मला.

आता पप्पूचं. होळीच्या आदल्या दिवशी त्याला हॉलमध्ये बसवून पत्र दिलं. सगळं एका दमात वाचलं आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेला रागावून. तर तो शेजारच्या टपरीवरून प्लास्टिकचा मग आणि साबण घेऊन आला. स्वतःच फेस केला. पहिला जोड ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्यावर फेस धरला आणि आम्ही दोघं बघत राहिलो. एक बुडबुडा आला, बारीक, मग फुगत फुगत हरभऱ्याएवढा झाला. फुटला. पुन्हा आला.

पप्पू खाली बसला. म्हणाला, "वहिनी, मोठं काम म्या कवाच केलं न्हाई. पण आण्णामामानं देवापुढं माझं नाव घेतलं, मग न्हाई कसं म्हणू?" ते पोरगं रडलं, मामा. मीही रडले. मग त्यानं पाईपातला गॅस काढून घेतला आणि सगळी दारं-खिडक्या उघडून ठेवली.

संध्याकाळी स्वतः आण्णांपुढं जाऊन उभा राहिला. "मामा, कौल माझ्या नावाचा लागला का न्हाई? मग काम कुणाच्या हातनं करून घ्यायचं ते मी ठरवणार. राजनंदिनीताईला बोलावतोय, मी तिच्या हाताखाली राहणार." मी मान खाली घालून उभी. आता भडका उडतोय असंच वाटलं. आण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. म्हणाले, "देवानं पप्पूला दिलं, पप्पूनं तिला दिलं. म्हंजी शब्द देवाचाच राहिला की!" आणि वर माझ्यावरच ओरडले, "तू उभी काय, त्या पोरीला फोन लाव."

पाडवा आता हुकणार. दोघी-तिघी बायका नाराज आहेत, एकीनं नाव काढून घेतलं. चालेल. तुमच्या पत्रातलं कोणाचंही नाव न घेता मी सगळ्यांना सांगितलं, की पोरं खाली निजणार आहेत, म्हणून वेळ लागतोय.

तुमची,
अंकू


शिरूर
२२ मार्च

चि. अंकू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवलो न्हाई. मामीला वाटलं काय वंगाळ झालं. तिला पत्र दिलं, तिनं वाचलं. मग म्हणली, "आता तरी सुखानं दोन घास खा." तर खाल्लं.

ताईला ठावं व्हतं, आन् तिनं दिली. मी पुन्हा पुन्हा तेवढंच वाचतो. दर भाऊबीजेला ववाळताना तोंडाकडं बघायची माझ्या, म्या नजर चुकवायचो. काय मूर्ख माणूस मी.

पप्पूला सांग, त्यो माझ्याहून मोठ्या काळजाचा हाय. त्यानं पाहुणा असून स्वतःच्या जोडाला फेस लावला. मला दुसऱ्याच्याबी लावता आला न्हाई.

काम सुरू झालं की एक कळव. मशिनीचा आवाज किती येतो? पोरांची झोपमोड व्हईल येवढा नसावा. माझं गुडघं आता बसच्या पायऱ्या चढंनात, न्हाईतर म्याच आलो असतो. पण येऊन काय, मला कुठं ऐकू येणार.

तुझा मामा


कुरकुंभ
२ मे

तीर्थरूप मामा,

परवा, अक्षय तृतीयेला उघडलं. नाव काढलेली बाई सकाळी पावणेसातलाच दारात उभी, पोराला पावडर फासून. म्हणजे पुन्हा सव्वीस.

काम कसं झालं ते सांगते. राजनंदिनीनं पप्पूची मशिनं उतरवून योग्य ती दुसऱ्या भिंतीला लावली, पाईप जोडून त्यात नायट्रोजन भरला आणि दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ लावून एक अख्खा दिवस तसंच ठेवलं. पप्पू त्या घड्याळासमोर स्टूल टाकून बसला, जेवायला उठेना. काटा जागचा हलला नाही. तरी तिनं प्रत्येक जोडाला फेस लावला. भांडं मी धरलं होतं, मामा, दोन्ही हातांनी. एकही बुडबुडा नाही. मग पाईपातली सगळी हवा पंपानं ओढून काढली आणि त्यानंतर गॅस. ताज्या हवेचा पंखा वेगळा आहे, जाळीतून गाळून हवा येते. आण्णा रोज येऊन त्या जाळीपुढं हात धरून उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही पोरगी आमच्या बिरोबानं धाडली." राजनंदिनी हसते. पप्पूनं आयटीआयच्या कोर्सचा फॉर्म आणलाय, वय बसतंय का ते बघतोय.

आता तुम्ही विचारलेलं. आज दुपारी दोनला सगळी निजली. कोणी उताणं, कोणी पालथं, एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर. राजनंदिनी आडवी झाली होती त्याच जागी मीही आडवी झाले, त्यांच्यामध्ये, खाली फरशीवर. डोळे मिटून मशीनचा आवाज ऐकू लागले, तुम्हाला नीट कळवायचा म्हणून.

आवाज इतकाच येतो मामा, की पोरांचे श्वास ऐकू येतात. माझ्या दोन्ही बाजूंना, अगदी जमिनीपाशी.

पुढच्या रविवारी पप्पू गाडी घेऊन शिरूरला येतोय, तुम्हाला आणि मामीला आणायला. गुडघ्याचं कारण चालणार नाही, तो उचलून बसवेल. तुम्हाला ऐकू येणार नाही हे मला माहीत आहे. सोमवारी दुपारी पोरं निजली की माझ्याशेजारी खाली बसा आणि कोणाच्याही छातीवर हलका हात ठेवा.

तुमच्या हातात पुन्हा दिलेली,
अंकू